दुधाचेच दात आहेत, पडतील की!

मंडळी, वरचं वाक्य आपल्या तालुक्यात इतक्या घरांत ऐकलंय की आता त्यावर लिहायलाच हवं. पोराची दाढ काळी पडलेली असते, खड्डा दिसत असतो, रात्री गाल धरून रडत असतं. आणि घरातलं मोठं माणूस म्हणतं, "पडेल आपोआप."

पडेल, खरंय. पण कधी? पुढचे दात सहाव्या-सातव्या वर्षी हलायला लागतात. मागच्या दुधाच्या दाढा मात्र दहा ते बारा वर्षांपर्यंत तोंडात असतात. म्हणजे पाचव्या वर्षी किडलेली दाढ घेऊन ते पोर आणखी पाच-सहा वर्षं जेवणार. भाकरी चावत नाही म्हणून चहात बिस्किट बुडवून खाणार, आणि कीड आणखी वाढवून घेणार.

याहून मोठी गफलत पुढे आहे. सहाव्या वर्षाच्या आसपास दुधाच्या दाढांच्याही मागे एक नवी दाढ येते. तिच्यासाठी कुठलाच दात पडत नाही, त्यामुळे ती आल्याचा घरात कुणाला पत्ता लागत नाही. ही कायमची दाढ. गेली की गेली. तिलाही दुधाची समजून सोडून दिलं जातं, आणि मग दहावीच्या आत रूट कॅनल नाहीतर दाढ काढणं. रूट कॅनलला हजारो रुपये लागतात, म्हणून गरिबाघरी दाढच काढतात. आज पहिली-दुसरीतल्या पोराला उजेडात 'आ' करायला लावा आणि पार मागे बघा.

आता खाण्याचं. गेल्या आठवड्यात मधल्या सुट्टीत एका शाळेच्या गेटबाहेरच्या टपरीवर उभा होतो. रुपयाची गोळी, दोन रुपयांची जेली, पाच रुपयांचं क्रीमचं बिस्किट, बर्फाची रंगीत कांडी. भाव परवडणारे, म्हणून दिवसातून तीन-चार वेळा खरेदी. खरी मेख इथेच आहे. गोड किती खाल्लं यापेक्षा किती वेळा खाल्लं, हे दातांना जास्त नडतं. तोंडातले जंतू साखर खाऊन आम्ल तयार करतात, ते दाताचं वरचं कवच झिजवतं. लाळ ते सावरते, पण तिला अर्धा-पाऊण तास तरी लागतो. तेवढ्यात दुसरी गोळी तोंडात गेली, की लाळेला सवड कुठली? १९४०च्या दशकात स्वीडनमधल्या व्हिपेहोल्मच्या संस्थेत बौद्धिक अपंगत्व असलेल्या रुग्णांना मुद्दाम चिकट टॉफ्या खायला घालून हे तपासलं होतं. प्रयोग माणुसकीला सोडून होता, पण जेवणाच्या मध्ये खाल्लेलं चिकट गोड सगळ्यात वाईट, हे तेव्हाच दिसलं.

त्यामुळे पुरणपोळीला माझा विरोध नाही. जेवणात खा, वर पाणी प्या. विरोध आहे तो दिवसभर चघळण्याला. आणि हो, गूळही यातून सुटत नाही, दाताला तो साखरेसारखाच. (साखर कारखान्यांच्या राज्यात हे लिहितोय, कमेंटमध्ये काय येणार ते माहीत आहे.) मधल्या सुट्टीसाठी फुटाणे, शेंगदाणे, पेरू, काकडी द्या.

सरकारची गंमत बघा. सप्टेंबर २०२५ मध्ये टूथपेस्ट आणि ब्रशवरचा जीएसटी १८ वरून ५ टक्क्यांवर आला. चांगलं झालं. त्याच दिवशी चॉकलेट आणि बिस्किटंही १८ वरून ५ वर आली!

ब्रश सकाळी सगळेच करतात. रात्रीचा कोण करतं? झोपेत लाळ कमी होते, म्हणून रात्रीचा ब्रश जास्त महत्त्वाचा. त्यानंतर फक्त पाणी, दुधाची बाटलीसुद्धा नाही. पेस्ट घेताना डब्यावर फ्लोराइड लिहिलंय का बघा, बऱ्याच 'हर्बल' पेस्टमध्ये ते नसतं. तीन वर्षांच्या आतल्या बाळाला तांदळाच्या दाण्याएवढी, त्यापुढे वाटाण्याएवढी पेस्ट पुरते, जाहिरातीतल्यासारखी ब्रशभर लागत नाही. सात-आठ वर्षांपर्यंत ब्रश मोठ्यांनी धरावा. राखुंडी, कोळसा नको, आणि आजीच्या मिश्रीला तर पोराचं बोटही लागू देऊ नका, तो तंबाखू आहे.

आता तालुक्यापुरतं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाने अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी शाळेत एकदा मुलं तपासायची असतात, त्यात दातही येतात. पुढचे उपचार मोफत असतात. तुमच्या शाळेत पथक कधी आलं, किती मुलांना दातांसाठी पुढे पाठवलं, त्यातली किती खरंच पोहोचली? शाळा व्यवस्थापन समितीच्या येत्या बैठकीत हे तीन प्रश्न विचारा, उत्तर इतिवृत्तात लिहून घ्या. पोषण आहारानंतर सगळ्या पोरांनी चुळा भरायच्या, हा ठरावही त्याच बैठकीत होऊ शकतो, त्याला निधी लागत नाही.

मिळालेली उत्तरं मला इनबॉक्स करा. शाळावार यादी करून तालुका आरोग्य अधिकाऱ्यांकडे मी स्वतः घेऊन जातो.