फुकटचं काम, म्हणून बिनतपासणीचं?

‘आम्ही फुकटात काम करतोय, वर तपासणी कसली मागता?’ मराठीत ओपन सोर्स, म्हणजे मुक्त सॉफ्टवेअरचं काम करणाऱ्यांच्या गोटात हा सवाल नेहमी ऐकू येतो. त्याची दुसरी बाजूही तितकीच लाडकी आहे. ‘आम्ही फुकटात तपासतोय, सवड मिळाली तर बघू.’ पहिलं वाक्य कोड लिहिणाऱ्याचं, दुसरं तो मंजूर करणाऱ्याचं. दोघं एकमेकांवर नाराज असतात, पण दोघांची समजूत एकच आहे. पैसे नाहीत, तर जबाबदारीही नाही. माझं भांडण या समजुतीशी आहे.

ज्यांचा या कामाशी संबंध आलेला नाही, त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. मुक्त सॉफ्टवेअरचा कोड सगळ्यांना खुला असतो. कुणालाही त्यात दुरुस्ती सुचवता येते. ही दुरुस्ती म्हणजे पॅच. तो थेट आत जात नाही. प्रकल्पातला दुसरा जाणकार तो वाचतो, शंका विचारतो, सुधारून मागतो आणि मग मूळ कोडमध्ये मिसळतो. या वाचण्याला कोड रिव्ह्यू म्हणतात. हा प्रकार पाश्चात्त्य असल्याने आपल्याला जमत नाही, अशी एक पळवाट मी ऐकली आहे. ती पळवाट सांगणाऱ्याने एकदा भोरच्या तहसील कचेरीत जाऊन यावं.

भोर किंवा वेल्ह्याच्या कुठल्याही शेतकऱ्याला फेरफार माहीत आहे. जमीन विकली, वारस लागला, वाटणी झाली की सातबाऱ्यावर थेट खाडाखोड करता येत नाही. तलाठी आधी गाव नमुना ६ मध्ये नोंद धरतो. ती चावडीवर लागते. ज्यांचा हितसंबंध आहे त्यांना नोटीस जाते, हरकत घ्यायला पंधरा दिवस मिळतात. हरकत आलीच तर ती तक्रारींच्या वेगळ्या नोंदवहीत चढते आणि तिचा निकाल कारणांसह लिहावा लागतो. मग मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो किंवा रद्द करतो. निर्णय मान्य नसेल तर प्रांताकडे अपील. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ ची आहे, पण ही रीत तिच्याही आधीची. नोंद लिहिणारा एक, प्रमाणित करणारा दुसरा, मध्ये लोकांना बोलायला जागा, आणि प्रत्येक पायरीचा कागद मागे राहतो. कोड रिव्ह्यू यापेक्षा वेगळा काय असतो?

कचेरीची तरफदारी करतोय असं समजू नका. नोंदी महिनोन्‌महिने का रखडतात, ‘साहेब मिटिंगला गेलेत’ याचा अर्थ काय, हे त्या भागात मी सांगायची गरज नाही. पण शेतकरी त्या विलंबावर चिडतो, तपासणीवर नाही. आपल्या भावाने परस्पर आपलं नाव कमी करून घेऊ नये म्हणून हरकतीची मुदत त्याला हवीच असते. आपल्या मुक्त प्रकल्पांत मात्र विलंबाचा राग तपासणीवर काढला जातो.

भोरच्या बाबतीत तर गोष्ट आणखी जुनी आहे. भोर संस्थानाचे राजे पंतसचिव म्हणवले जात. हे सचिवपद अष्टप्रधानांतलं. राज्याभिषेकाच्या वेळी, १६७४ साली, ते अण्णाजी दत्तोंकडे होतं. पुढे छत्रपती राजारामांच्या काळात ते शंकराजी नारायणांकडे आलं आणि त्यांच्या घराण्यातून भोरची गादी उभी राहिली. ती १९४८ च्या विलीनीकरणापर्यंत टिकली. या सचिवाचं काम काय होतं? बाहेर जाणारी राजपत्रं तपासायची, मजकुरात कमी-जास्त अक्षर असेल तर ते शुद्ध करायचं आणि मग संमतीची खूण करायची. पत्राची आज्ञा राजाची असली, तरी दुसऱ्या माणसाच्या नजरेखालून गेल्याशिवाय ते पुढे जायचं नाही. म्हणजे भोरची गादी ज्या पदातून आली ते पद मुळात रिव्ह्यूचं होतं. लिनक्समध्ये २००४ पासून प्रत्येक पॅचखाली तो पुढे पाठवणारा आपलं नाव घालून जबाबदारी घेतो. ज्याने तपासला त्याचंही नाव वेगळ्या ओळीत येतं. या पद्धतीचं कौतुक करताना आपल्या दारातली खूण विसरायचं कारण नाही.

या पदाचं आधीचं नाव सुरनीस. फारसी वळणाचं हे नाव बदलून सचिव झालं, त्याच सुमारास ‘राज्यव्यवहारकोश’ही तयार झाला. नाव बदललं, तपासणीचं काम तेच राहिलं. मराठी अनुवाद तपासणाऱ्या आपल्या काही मंडळींनी मात्र उलट केलंय. तपासणी सोडली आणि फक्त नावं बदलण्याचं काम हाती धरलं. कुणी बटणावर ‘अर्ज दाखल करा’ लिहिलं की शेरा येतो, ‘शुद्ध मराठी नाही’. मग त्या जागी ‘आवेदन प्रस्तुत करा’ बसतं. भोरच्या कचेरीबाहेर बसलेल्या माणसाला विचारा, तो आवेदन घेऊन आलाय की अर्ज. अर्ज, दाखला, नक्कल, हरकत, मंजूर, तहसील, दप्तर हे सगळे शब्द अरबी-फारसीतून आले आणि गेली साडेतीनशे वर्षं कोश असूनही हलले नाहीत, कारण ते शेतकऱ्याचे झाले. ते मुसलमानांचे शब्द आहेत म्हणून मी त्यांची बाजू घेत नाही. माझ्या शेजारच्या मराठा कुटुंबाचेही ते तितकेच आहेत. माझा आक्षेप शेऱ्याला आहे. ‘शुद्ध नाही’ हे कारण नव्हे, ती आवड झाली. आवडीवरून नोंद रद्द करण्याचा अधिकार मंडळ अधिकाऱ्यालाही नाही.

आता खऱ्या तपासणीने काय वाचतं ते पाहू. वेल्हे तालुक्याचं नाव बदलून राजगड झालं. राज्य मंत्रिमंडळाचा तसा निर्णय मार्च २०२४ चा. नाव योग्य की अयोग्य हा इथे विषय नाही. समजा, एखाद्या मुक्त प्रकल्पात महाराष्ट्रातल्या तालुक्यांची यादी आहे आणि एका उत्साही स्वयंसेवकाने पॅच पाठवला: जिथे जिथे ‘वेल्हे’ तिथे तिथे ‘राजगड’. एका आदेशात काम झालं. हेतू चांगला, माहिती खरी. पण नाव तालुक्याचं बदललंय. तालुक्याचं ठाणं असलेलं वेल्हे बुद्रुक गाव आपल्या जागी आहे. या पॅचमुळे गाव पुसलं जाईल आणि नकाशावर गड भलतीकडे उगवेल. जुन्या दस्तांत तालुका वेल्हे असाच लिहिलेला आहे. त्या नावाने शोधणाऱ्याला काहीच सापडणार नाही. तपासणाऱ्याने एवढंच विचारायचं होतं, ‘गावाचं काय? जुन्या नोंदींचं काय?’ दोन प्रश्न, पाच मिनिटं. ओपनस्ट्रीटमॅपसारख्या खुल्या नकाशात तर बदल आधी होतो आणि तपासणी मागाहून, तीही कुणी केली तर. तिथे या पाच मिनिटांची किंमत आणखी वाढते.

दुसरं उदाहरण याहून बारीक आहे, आणि मराठीपुरतं आहे. भोर-वेल्हे म्हणजे दऱ्याखोऱ्यांचा मुलूख. ‘दऱ्या’ आणि ‘दर्या’ यांत फरक एका रकाराचा. एक डोंगरातली, दुसरा समुद्र. आचाऱ्यांना वाढायला सांगायचं आणि आचार्यांना आशीर्वाद मागायचा, हा फरकही त्याच रकाराचा. युनिकोडमध्ये ‘ऱ’ला स्वतःचा क्रमांक आहे, ०९३१. पण त्याच युनिकोडच्या नियमाने या अक्षराची फोड होते ‘र’ अधिक नुक्ता अशी. म्हणजे डोळ्यांना मराठीत नुक्ता दिसत नसला तरी यंत्राच्या पोटात तो या एका अक्षरात दडलेला आहे.

आता कल्पना करा, हिंदी शोध सोपा व्हावा म्हणून कुणीतरी तीन ओळींचा पॅच लिहिला: मजकुराची फोड करा, नुक्ते काढून टाका. ‘ज़मीन’ आणि ‘जमीन’ एकाच शोधात सापडावेत, एवढाच हेतू. हिंदीच्या सगळ्या चाचण्या पास. मराठी तपासनीस बघतो आणि म्हणतो, ‘आपल्याकडे नुक्ता नसतोच, होऊ दे.’ खरंच आहे, आपण नमाज, जकात, जमीन बिननुक्त्याचेच लिहितो. आणि पॅच आत जाताच भोरच्या सगळ्या दऱ्या दर्या होतात. कुठेही चूक झाल्याचा संदेश येत नाही. हाच रकार लिहायची दुसरीही एक रीत आहे, अदृश्य जोडचिन्ह वापरून. ‘नको असलेली अदृश्य चिन्हं’ साफ करणारा पॅच तिचाही असाच बळी घेतो. हे पकडायला संगणकशास्त्राची पदवी पुरत नाही. मराठी वाचणारा, शंकेखोर माणूस लागतो. भोरच्या एखाद्या बारावीच्या मुलीने ‘दऱ्या’ हा शब्द टाकून चाचणी चालवली, तर ती पुण्यातल्या दहा इंजिनिअरांपेक्षा जास्त उपयोगाची ठरेल.

यावर उत्तर मिळतं की इतकं बघायला वेळ कुणाकडे आहे. वेळ नाही हे खरं आहे, आणि मी ते हलक्यात घेत नाही. २०२४ च्या मार्चमध्ये ‘एक्सझेड’ प्रकरण उघडकीला आलं. माहिती दाबून लहान करणारं हे छोटं साधन जगभरातल्या लिनक्स यंत्रणांत असतं. ते बरीच वर्षं मुख्यतः लासे कॉलिन नावाचा एक स्वयंसेवक सांभाळत होता. काही अनोळखी नावांनी त्याच्यावर दबाव आणला: काम हळू चाललंय, दुसऱ्याला हक्क द्या. त्याने आपली मनःस्थिती ठीक नसल्याचं आणि हे बिनपगारी छंदाचं काम असल्याचं लिहिलंही. दोनेक वर्षं गोड वागून ‘जिया टॅन’ या नावाने त्याचा विश्वास मिळवला, हक्क मिळवले आणि ५.६.० व ५.६.१ या आवृत्त्यांत चोरदरवाजा घातला. युक्ती अशी की, दरवाजा उघडणारी ओळ सगळ्यांना दिसणाऱ्या कोडमध्ये नव्हती. वाटपासाठी बांधलेल्या गठ्ठ्यात होती. म्हणजे चावडीवर लावलेली नोंद वेगळी आणि सातबाऱ्यावर चढलेली वेगळी. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला दूरच्या यंत्रावर लॉगिन व्हायला अर्धा सेकंद जास्त का लागतो, असा प्रश्न पडला म्हणून हे सापडलं.

या गोष्टीचा अर्थ ‘स्वयंसेवकांवर भरवसा नको’ असा काढणारे चलाख आहेत. मी तो असा काढतो की, एकट्या थकलेल्या माणसाला तपासनीस म्हणून उभं करून जग त्याच्या जिवावर चालत होतं. ज्या कंपन्या हा कोड फुकट उचलतात त्यांनी आपल्या माणसांचे तास तपासणीसाठी द्यायला हवेत. आभाराचं ट्विट चालणार नाही. आणि दबाव टाकणाऱ्या त्या ‘लवकर करा’ मंडळींत आपणही अनेकदा असतो.

घाईचं फळ वेल्हे तालुक्याने पाहिलंय. पानशेतचं धरण १२ जुलै १९६१ ला फुटलं, खडकवासला गेलं, पुणे पाण्याखाली गेलं. काम पुरतं झालेलं नसताना त्या पावसाळ्यात पाणी अडवलं होतं. सॉफ्टवेअरने माणसं तशी वाहून जात नाहीत, हे मला कळतं. पण ‘आधी आत घ्या, नंतर बघू’ ही वृत्ती दोन्हीकडे एकच.

तेव्हा तपासणाऱ्यांकडून मला तीन गोष्टी हव्यात. ठरलेल्या मुदतीत उत्तर, मग ते नकाराचं का असेना. नकाराचं लेखी कारण, आवडीपलीकडचं. आणि आपला स्वतःचा पॅच दुसऱ्याच्या हातून मंजूर करून घेणं, मग तुम्ही प्रकल्पाचे संस्थापक असा नाहीतर कुणीही. सहा महिने काहीच न बोलता नव्या मुलाचा पॅच पडू देणं ही तटस्थता नाही. तो मुलगा परत येत नाही, आणि मग आपणच ओरडतो की मराठीत काम करायला कुणी नाही.

लिहिणाऱ्यांनाही सुट्टी नाही. २०२० च्या ऑक्टोबरात एका टी-शर्टच्या लोभाने हजारो निरर्थक दुरुस्त्या जगभरच्या प्रकल्पांवर येऊन आदळल्या, त्यांत आपल्या देशातले विद्यार्थी मोठ्या संख्येने होते. शेवटी आयोजकांना महिना चालू असतानाच नियम बदलावे लागले. आता टी-शर्टची जागा बायोडाट्याने घेतली आहे आणि पॅच लिहायला कृत्रिम बुद्धिमत्ता आहे. एका बैठकीत दोन हजार ओळी तयार होतात आणि त्या कुणीतरी फुकटात वाचायच्या असतात. एका व्यवहाराची एक नोंद हा फेरफाराचा नियम इथेही लावा. एका दुरुस्तीचा एक पॅच, तोही वाचणाऱ्याला एका बैठकीत संपेल एवढाच. आणि तो पाठवण्याआधी स्वतःच्या यंत्रावर चालवून, त्यात ‘दऱ्या’ टाकून बघितलेला.