रंगीत तावदानें व झाळकाम

रंगीत काचेचीं तावदानें झाळण्याची कला शाळेंत शिकवावी असें आम्ही म्हणतों, तेव्हां कित्येक पालक हंसतात. मुलानें तांबटाचें काम कां शिकावें, हा त्यांचा प्रश्न. मुंबईचा राजाबाई टॉवर १८७८ सालीं पुरा झाला. २०१५ सालीं संपलेल्या डागडुजींत त्याचीं रंगीत तावदानें नीट केलीं गेलीं, तीं कोणाच्या तरी हातांनींच ना?

जुन्या तावदानांत काच शिशाच्या पट्टींत बसवून केवळ सांधे झाळीत. लहान कामांत मात्र प्रत्येक तुकड्याच्या कडेस तांब्याची पातळ पट्टी चिकटवून सबंध रेषेवर डाख चढवितात. ६० भाग कथील व ४० भाग शिसें यांचा डाख सुमारें १९० अंश सेंटिग्रेडला पातळ होतो. हिंगोलीच्या बाजारांतला कल्हईवाला भांडें स्वच्छ केल्यावांचून कथील लावीत नाहीं. येथेंही तांबें मळकट असल्यास डाख धरत नाहीं. तापलें लोखंड थबकलें कीं गांठ येते, घाईनें ओढलें कीं रेषा ओबडधोबड होते. सारख्या गतीनें नेलें तरच ती गोल व नितळ उतरते. ही गति पुस्तकांतून येत नाहीं. शिसें विषारी खरें; म्हणून हात धुण्याची व खिडक्या उघड्या ठेवण्याची शिस्त आधीं लावावी.

परीक्षकांनीं तावदानाची पाठही पाहावी; आमच्या मतें निम्मे गुण तेथलेच असावेत.