पुढें गेलेला आणि मागून आलेले

आमच्या घरांत गेलीं कांहीं वर्षें दोन तट पडले आहेत. वाटणीचा प्रश्न नाहीं, शेताच्या बांधाचाहि नाहीं; तंटा आहे तो बर्फावरचा. आमची थोरली नात जपानच्या युझुरु हान्यूची कैवारी, तर धाकट्या बंधूंचे चिरंजीव अमेरिकेच्या नेथन चेनचे. पात्याचे बूट घालून बर्फावर करावयाची जी नृत्यक्रीडा, जिला फिगर स्केटिंग म्हणतात, ती हीं मुलें दूरचित्रवाणीवर पाहूं लागलीं, आणि आमच्या पंक्तीला पोळीबरोबर गुणपत्रकेंहि वाढलीं जाऊं लागलीं. जन्मभर उत्तरपत्रिका तपासल्या असल्यामुळें पंच म्हणून आमची नेमणूक दोन्ही पक्षांनीं एकमतानें केली. त्यांचें एकमत झालें तें तेवढ्याच बाबतींत.

या तंट्यांत आम्हीं एकदां घाईनें निकाल देऊन टाकला होता. तो परत घेण्यासाठीं आजचा हा प्रपंच. २०१८ सालीं कोरियांतील प्याँगचांग येथें हान्यूनें ऑलिंपिकचें सुवर्णपदक लागोपाठ दुसऱ्यांदा जिंकलें. पुरुषांत असें घडल्यास १९४८ व १९५२ सालच्या डिक बटननंतर सहासष्ट वर्षें लोटलीं होतीं. तेव्हां याच सदरांत आम्हीं अशा आशयाचें लिहिलें कीं, या मुलानें आतां आपले बूट खुंटीस टांगावेत. शिखरावरून स्वतःच्या पायांनीं उतरावें, कोणी ढकलण्याची वाट पाहूं नये. नात आठ दिवस आमच्याशीं बोलली नाहीं. पुढें चार वर्षें हान्यू मोठ्या स्पर्धांतून हरत गेला, तेव्हां "काका, तुमचेंच खरें झालें," असें पुतण्या म्हणूं लागला, आणि आम्हांसहि मनांतून बरें वाटलें. आज तें बरें वाटणें आम्हांस खटकतें.

खेळाची रीत थोडक्यांत सांगितली पाहिजे. पुरुषांच्या स्पर्धेंत एक आखूड व एक दीर्घ असे दोन कार्यक्रम असतात. दोहोंच्या गुणांची बेरीज करून क्रमांक लागतो. गुणहि दोन जातींचे. उड्या, गिरक्या, पदन्यास यांचे वेगळे. रचना, सादरीकरण व बर्फावर सरकण्याचें कौशल्य यांचे वेगळे. आपल्या नाट्यशास्त्राच्या भाषेंत बोलावयाचें तर एक बाजू नृत्ताची, दुसरी नृत्याची. उपमा तंतोतंत नाहीं, पण समजुतीस पुरे. खेळाडू हवेंत उसळून स्वतःभोंवतीं फिरतो आणि एका पायावर पाठमोरा उतरतो. चार गिरक्यांच्या उडीस क्वाड म्हणतात. कॅनडाच्या कर्ट ब्राउनिंगनें ती १९८८ सालीं बुडापेस्टच्या जागतिक स्पर्धेंत प्रथम साधली. उड्यांच्या सहा जाती आहेत, आणि त्यांपैकीं नॉर्वेच्या ॲक्सेल पॉल्सेनच्या नांवाची ॲक्सेल ही एकटीच तोंड पुढें ठेवून घेतात, म्हणून तींत अर्धी गिरकी अधिक पडते. चौपट ॲक्सेल म्हणजे साडेचार गिरक्या. ही अर्धी गिरकी वाचकांनीं ध्यानांत ठेवावी.

हान्यूचा जन्म १९९४ सालचा, सेंदाई शहरांतला. लहानपणापासून दम्याचा विकार. ११ मार्च २०११ रोजीं भूकंप झाला तेव्हां तो सोळा वर्षांचा मुलगा बर्फावरच होता. पायांतले बूट न काढतांच तो बाहेर धांवला. सेंदाईची ती स्केटिंगची जागा नादुरुस्त होऊन बंद पडली, आणि पुढील कांहीं महिने गांवोगांवचीं प्रदर्शनें हीच त्याची तालीम झाली. त्यानंतर तीन वर्षांनीं सोचीच्या ऑलिंपिकमध्यें आखूड कार्यक्रमांत त्यानें १०१.४५ गुण घेतले. दीर्घ कार्यक्रमांत तो दोनदां पडला. परंतु कॅनडाच्या पॅट्रिक चॅनच्याहि चुका झाल्या, आणि सुवर्णपदक या एकोणीस वर्षांच्या मुलास मिळालें. तेव्हां रुसलेले चाहते चॅनचे होते. पुढें जाणाऱ्यावर मागच्यांचा राग असतोच. चारच वर्षांत तो हान्यूच्या चाहत्यांच्या वाट्यास यावयाचा होता.

त्याचे गुरु ब्रायन ऑर्सर. कॅनडांतील टोरोंटो येथें ते शिकवितात. हे गृहस्थ स्वतः १९८४ व १९८८ अशा दोन्ही ऑलिंपिकांत दुसरे आले होते, आणि दुसऱ्या वेळीं तर केवळ केसाच्या अंतरानें. त्यांच्याच हाताखालीं स्पेनचा हावियेर फेर्नांदेझ शिकत होता. म्हणजे गुरुबंधूच प्रतिस्पर्धी! २०१५ व २०१६ या दोन्ही वर्षीं जागतिक अजिंक्यपद हान्यूच्या हातून या गुरुबंधूनेंच नेलें. एका छपराखालीं रोज तालीम करावयाची, आणि वर्षअखेर एकमेकांस हरवावयाचें. एकत्र कुटुंबांत राहणाऱ्या वाचकांस यांतील अवघडपणा निराळा समजावून सांगावयास नको. त्या दोघांत वितुष्ट आलें नाहीं, याचें श्रेय आम्ही तरी त्या दोनदां हरलेल्या गुरूस देतों.

मग चेन आला. चीनमधून अमेरिकेंत गेलेल्या कुटुंबांतला, १९९९ सालीं सॉल्ट लेक सिटींत जन्मलेला मुलगा. जानेवारी २०१७ मध्यें आपल्या देशाच्या स्पर्धेंत त्यानें एकाच दीर्घ कार्यक्रमांत पांच क्वाड बिनचूक मारले, आणि पुढच्याच महिन्यांत कोरियांत, ज्या बर्फावर वर्षानें ऑलिंपिक व्हावयाचें होतें त्याच बर्फावर, हान्यूस हरविलें. चाहत्यांचे दोन तट पडले ते येथून. एक म्हणतो, "उड्या मारणें म्हणजे स्केटिंग नव्हे", दुसरा म्हणतो, "नाचच पाहावयाचा तर स्पर्धा कशास हवी?"

दोघेहि चुकतात. चेन लहानपणीं बॅले नृत्य शिकलेला, त्याचे हात आणि खांदे पाहिले कीं तें कळतें. आणि ज्यास नृत्याचा पुतळा करून चाहते मखरांत बसवितात, त्या हान्यूनेंच २०१६ सालीं लूप जातीची चौपट उडी स्पर्धेंत जगांत प्रथम साधली होती; तीनशें गुणांची मर्यादा ओलांडणारा पहिला पुरुषहि तोच, २०१५ सालीं. त्याच वर्षीं आबे नो सेइमेइ या प्राचीन जपानी मांत्रिक पंडितावर रचलेला कार्यक्रम त्यानें बसविला, तेव्हां चित्रपटांत ती भूमिका करणारे क्योगेन नाट्याचे नट मान्साइ नोमुरा यांच्याकडे तो विचारावयास गेला. उडी आणि नृत्य हीं त्याच्या लेखीं दोन नव्हतींच. उडींत जातांना आणि उतरतांना संगीताची लय मोडूं नये, हा त्याचा हट्ट. असा मनुष्य उड्यांच्या चढाओढींतून बाजूस होईल, हें संभवनीयच नव्हतें.

चेनच्या भात्यांत लुट्झ जातीचा क्वाड होता, म्हणून हान्यूनेंहि तो घेतला. ऑक्टोबर २०१७ मध्यें मॉस्को येथें तो त्यानें साधला. तरी ती स्पर्धा चेननेंच जिंकली. ९ नोव्हेंबर रोजीं ओसाका येथें सरावांत तीच उडी घेतांना तो कोसळला आणि उजव्या घोट्याचे बंध दुखावले. त्यानंतर थेट ऑलिंपिकपर्यंत त्यानें एकहि स्पर्धा केली नाहीं. प्याँगचांगला तो लुट्झवांचून आणि लूपवांचून, दोनच जातींचे क्वाड घेऊन उतरला, आणि ३१७.८५ गुणांनीं जिंकला. दुसरा त्याचाच देशबंधु शोमा उनो, तिसरा फेर्नांदेझ.

त्या दिवशींच्या गुणपत्रकावर मात्र एक आंकडा असा होता कीं जो आम्हीं तेव्हां वाचलाच नाहीं, पुतण्यानें वाचला. आखूड कार्यक्रमांत चेन घसरून सतरावा झाला होता. दीर्घ कार्यक्रमांत त्यानें सहा क्वाड घेऊन २१५.०८ गुण मिळविले, हान्यूचे होते २०६.१७. बेरजेंत चेन पांचवा. पण त्या दिवसापुरतें बोलावयाचें तर विजेता हरला होता. हान्यूस हें कळलें नसेल असें संभवत नाहीं. आम्ही त्यास शिखरावरून उतरण्याचा सल्ला देत होतों, आणि त्यास मात्र समोर दुसरें शिखर दिसत होतें.

पुढचा इतिहास नातीस आवडत नाहीं, म्हणून भरभर सांगतों. २०१९ सालची जागतिक स्पर्धा जपानांत साइतामा येथें झाली. चेन तेव्हां येल विद्यापीठाचा पहिल्या वर्षाचा विद्यार्थी, त्याचे ३२३.४२, हान्यूचे ३००.९७. त्याच वर्षाच्या अखेरीस तूरिन येथें अंतर चाळीस गुणांहून अधिक झालें. २०२१ सालीं स्टॉकहोमला चेन पहिला, आणि हान्यू तिसरा. कारण दोघांच्या मधें सतरा वर्षांचा युमा कागियामा येऊन बसला होता. हा मुलगा आपल्या वडिलांचाच शिष्य. वडील मासाकाझु कागियामा १९९२ व १९९४ च्या ऑलिंपिकांत उतरलेले. २०१८ सालीं त्यांस पक्षाघाताचा झटका आला, पण त्यांतून उठून ते पुन्हां मुलास शिकवूं लागले. जगांत दुसरा आलेला तो कोंवळा मुलगा एका बाजूस आणि दोन सुवर्णपदकांचा धनी तिसऱ्या जागीं, हें चित्र पाहून नात उठून आंत गेली.

मग हान्यू कशासाठीं थांबला होता? त्या साडेचार गिरक्यांसाठीं. आणि येथें गुणपत्रकच साक्ष देतें. २०१८ च्या उन्हाळ्यांत नियम बदलले. चौपट ॲक्सेलची मूळ किंमत १५ वरून १२.५ वर आली. लुट्झची ११.५. म्हणजे जी उडी कोणींच साधलेली नाहीं, जिच्यापायीं घोटा मोडण्याची भीति, तिचा मोबदला सहज साधणाऱ्या उडीहून एक गुण अधिक! पडल्यास उलट तोटा. व्यवहारी मनुष्य हा सौदा करणार नाहीं. पुतण्यानें कागदावर हिशेब मांडून सिद्ध केलें कीं, ॲक्सेल सोडून दिल्यास हान्यूस अधिक गुण पडतील. हिशेब अचूक होता. आम्हीं स्वतः तपासला. परंतु तो चेनला गांठण्याचा हिशेब होता, आणि हान्यू तें गणित सोडवीतच नव्हता.

बीजिंगला फेब्रुवारी २०२२ मध्यें आखूड कार्यक्रमाच्या आरंभींच त्याचें पातें बर्फांतल्या खांचेंत सांपडलें. चौपट उडीची एकेरी झाली, तिचे गुण शून्य, आणि तो आठवा राहिला. दीर्घ कार्यक्रमाच्या आदल्या दिवशीं तोच उजवा घोटा पुन्हां मुरगळला. दुसऱ्या दिवशीं वेदनाशामक टोंचून घेऊन तो उतरला, आणि सुवर्णपदकाची आशा उरली नसतां पहिलीच उडी चौपट ॲक्सेलची घेतली. गिरक्या किंचित् अपुऱ्या पडल्या, आणि तो पडला. तरीहि गुणपत्रकावर पंचांनीं तिची नोंद चौपट ॲक्सेल म्हणूनच केली, अपुरी अशी खूण करून. अशी नोंद त्या रकान्यांत त्यापूर्वीं कधीं झाली नव्हती. चेन ३३२.६० गुणांनीं पहिला, कागियामा दुसरा, उनो तिसरा, हान्यू चौथा.

आम्हीं शाळेंत असतांना, न येणारें गणित सोडून येणारींच सोडवा, असें मुलांस परीक्षेपूर्वीं बजावीत असूं. तें चुकीचें होतें असें अजूनहि म्हणवत नाहीं. मुलांस उत्तीर्ण व्हावयाचें असतें. पण वर्गांत एखादा असा निघे कीं, तो सर्व वेळ त्याच एका गणितापाशीं बसे आणि कमी गुण घेऊन घरीं जाई. त्याच्या उत्तरपत्रिकेवर आम्हीं तांबड्या शाईनें काय काय लिहिलें असेल, तें आज आठवण्याची इच्छा नाहीं. २०१८ सालीं या सदरांत हान्यूस दिलेला सल्ला त्याच शाईनें लिहिलेला होता. तो आम्ही परत घेतों. नात म्हणते, "आजोबा, छापून घ्या म्हणजे झालें."

१९ जुलै २०२२ रोजीं टोकियो येथें हान्यूनें स्पर्धेंतून निवृत्त होत असल्याचें जाहीर केलें. पुढील वर्षीं टोकियो डोमच्या प्रचंड प्रेक्षागारांत बर्फ घालून त्यानें एकट्यानें सबंध कार्यक्रम केला. चाहते तेथेंहि आले. त्यांत पूर्वीचे विरोधक किती होते, हें कोण मोजतो?

तंटा मिटला असें मात्र नाहीं. बीजिंगनंतर सातच महिन्यांनीं, १४ सप्टेंबर २०२२ रोजीं, अमेरिकेंतील लेक प्लॅसिड येथें इलिया मालिनिन नांवाच्या सतरा वर्षांच्या मुलानें चौपट ॲक्सेल घेतली आणि तो पायावर उतरला. साडेचार गिरक्या, पूर्ण. हान्यूच्या प्रयत्नांनीं आपणांस स्फूर्ति दिली, असें त्यानें सांगितलें. पुतण्या ती उडी घेऊन नातीकडे धांवत गेला. अमेरिकेचा विजय म्हणून त्यास चिडवावयाचें होतें. नातीनें ती तीनदां पाहिली. मग कांहीं न बोलतां तिनें बीजिंगमधली हान्यूची पडलेली उडी लावली, आणि दोघेंहि डोकीं जवळ आणून, बोटांवर, गिरक्या मोजीत बसलीं.