आईची तपासणी झाली का?

मित्रहो, विषय जरा अवघड आहे, पण बोलतो. आमच्या मुरबाडच्या मावशीने छातीतली गाठ वर्षभर कोणाला सांगितलीच नाही. का, तर "दुखत नाही ना!" कॅन्सरची गाठ सुरुवातीला बहुधा दुखतच नाही, हीच तर गोची.

लोक लगेच म्हणतात, शहापूर-मुरबाडला मॅमोग्राफीचं मशीन आणा. मला ते पहिलं काम वाटत नाही. मुंबईच्या टाटा हॉस्पिटलने १९९८ पासून झोपडपट्ट्यांतल्या ३५ ते ६४ वयाच्या सुमारे दीड लाख बायकांचा २० वर्षं अभ्यास केला. अर्ध्या जणींची तपासणी प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी नुसत्या हाताने केली. २०२१ मध्ये निकाल छापून आला. पन्नाशीपुढच्या बायकांत या कॅन्सरचे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी कमी! पन्नाशीच्या आत मात्र ठोस फरक दिसला नाही.

तरुण वयात मॅमोग्राफीही कमी पडते. स्तनाचा भाग दाट, म्हणून एक्स-रेवर पांढरा, आणि गाठही पांढरीच. आपल्या भाषेत, सिग्नल नॉइजमध्ये बुडाला. तिशीतल्या बाईला गाठ लागली तर थांबू नये. डॉक्टर सोनोग्राफी करून बघतात.

सरकारी कार्यक्रमात ३० ते ६५ वयासाठी दर पाच वर्षांनी हाताने तपासणी आहे. पन्नाशीपुढे पाच वर्षं फार झाली, दोन हवीत. आणि ती डोळखांब, टोकावड्याला गावातच हवी. मजुरी बुडवून कल्याणला कोण जाणार?

घरी फोन कराल तेव्हा विचारा. मला विचारायला तीन रविवार लागले. आई आधी हसली, मग म्हणाली, "नर्सबाई आल्या होत्या रे, पण घरात तुझे बाबा बसले होते."