प्रोसेसरचे दात

बाजारात माणूस दोन कारणांनी फसतो. एक अज्ञानाने आणि दुसरे लाजेने. अज्ञानाला औषध आहे, विचारले की कळते. पण विचारण्याचीच लाज वाटत असेल तर काय करावे? संगणकाच्या दुकानात मी या दुसऱ्या दुखण्याने फसता फसता वाचलो, म्हणून हा लेखनप्रपंच.

दोन वर्षे दिवाळीनंतरच्या हंगामात जिनिंगमध्ये काट्यावर पावत्या लिहून मी थोडे पैसे साठवले होते. सुटे भाग आणून, खेळ खेळता येतील असा संगणक घरीच जोडायचा, असा माझा बेत होता. 'आर्ट्सच्या पोराला कॉम्प्युटर कशाला?' असे गावात चार जणांनी विचारले. 'अभ्यासाला,' असे मी सांगत असे. ते अर्धेच खरे होते. मला खेळायचेही होते, आणि स्वकष्टाच्या पैशाने खेळण्यात काही पाप आहे असे मला वाटत नाही.

दुकानदाराने 'आय-सेव्हन' प्रोसेसर पुढे केला. नव्या आय-थ्रीच्या किमतीत आय-सेव्हन, तोही बोर्डासकट! सात हा आकडा तीनपेक्षा मोठा. एवढे गणित मला येत होते. मी खिशात हात घातला. तेवढ्यात बरोबर आलेले बाबा म्हणाले, "भाऊ, हे किती सालचं हाये?"

दुकानदार हसला. "काका, हा काय बैल आहे का?"

मला त्या क्षणी बाबांची लाज वाटली. आज हे लिहिताना माझीच लाज वाटते. बाबा चौथी शिकलेले. पण गुरांच्या बाजारात शिंगांचा रंग आणि अंगावरची झूल बघून त्यांनी कधी बैल घेतला नाही. आधी तोंड उघडून दात बघायचे, मग पुढची बोलणी. त्या दिवशी आम्ही काहीच न घेता परत आलो.

घरी मोबाइलवर शोधले तेव्हा उलगडा झाला. तो आय-सेव्हन ३७७० होता. तिसऱ्या पिढीचा, २०१२ सालचा. आय-थ्री १२१०० हा बाराव्या पिढीचा, २०२२ सालचा. दोघांचेही कोअर चार आणि थ्रेड आठ. पण दहा वर्षांत कोअरची घडण इतकी सुधारली की बहुतेक कामांत हा 'तीन' त्या 'सात'ला मागे टाकतो. शिवाय विंडोज ११ ज्या प्रोसेसरांना अधिकृतपणे चालते त्यांत तो जुना बसत नाही, आणि विंडोज १० ची नेहमीची मोफत मदत ऑक्टोबर २०२५ मध्ये संपली. म्हणजे प्रोसेसरलाही दात असतात! या नावांत शेवटचे तीन अंक झाकले की उरतो तो पिढीचा आकडा. तो बघायचा. आणि शेवटी 'एफ' अक्षर असेल तर त्याच्या पोटात चित्र काढणारा भाग नाही. वेगळे ग्राफिक्स कार्ड घेतल्याशिवाय पडद्यावर काहीच दिसणार नाही.

मग सर्वांत नवा आणि महाग तोच घ्यावा काय? तेही नाही. खेळात कोण कुठे आहे, गोळी कोणाला लागली, हा हिशेब प्रोसेसर करतो. त्याचे चित्र ग्राफिक्सचा भाग रंगवतो. एक बैल तेज आणि दुसरा मंद असेल तर औत मंद बैलाच्याच चालीने चालते. सगळे पैसे प्रोसेसरवर घालून हलके कार्ड घेणारा स्वतःच अशी जोडी जुंपतो.

माझ्याकडे कार्डापुरते पैसे नव्हते. म्हणून मी रायझन ५ ५६००जी निवडला. तो २०२१ चा, म्हणजे अगदी कोवळा नाही. पण कोअर सहा, थ्रेड बारा, आणि चित्र काढणारा भाग पोटातच. हा भाग रॅममधूनच काम भागवतो, म्हणून १६ जीबीची एक काडी न घेता ८-८ ची जोडी घेतली. 'व्हॅलोरंट'सारखा हलका खेळ त्यावर चांगला चालतो. भारी खेळ रडतखडत चालतात. पुढे पैसे साठले की त्याच बोर्डावर कार्ड बसेल. पडदा म्हणून घरचा टी.व्ही. आहेच!

आपली गरज ओळखून प्रोसेसर निवडण्याचे मोठे उदाहरण आपल्या शेजारीच आहे. डॉ. विजय भटकर हे अकोला जिल्ह्यातील मुरंबा गावचे. भारताला हवा तसा शक्तिशाली सुपरकॉम्प्युटर अमेरिकेकडून मिळेना, तेव्हा १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक ही संस्था सुरू झाली आणि त्यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये 'परम ८०००' तयार झाला. त्यात एकच बलाढ्य प्रोसेसर नव्हता. ब्रिटनच्या इनमॉस कंपनीचे 'ट्रान्सप्युटर' नावाचे अनेक छोटे प्रोसेसर एकत्र जुंपले होते. मिळेल त्यातून, कामाला पुरेल असे त्यांनी निवडले.

मित्रहो, आपल्यापैकी अनेक जण घरातले पहिलेच कॉलेजात आलेले. अशा वस्तूंबद्दल घरी विचारायला कोणी नाही, असे आपण धरून चालतो आणि दुकानदाराच्या चार इंग्रजी शब्दांपुढे मान डोलावतो. वरच्या रूपाला भुलू नका, असे संत चोखामेळ्यांनी सुमारे सातशे वर्षांपूर्वी सांगितले. त्यांचे जन्मगाव मानले जाणारे मेहुणाराजा आपल्याच जिल्ह्यात आहे. ते शहाणपण माझ्या घरात होते. मीच ते अडाणी समजून बाजूला ठेवले होते.

परवा संगणक प्रथम सुरू झाला. पंखा फिरला, टी.व्ही.वर अक्षरे उमटली. बाबा खाटेवरून म्हणाले, "जोडी बरी चालते ना?" मी म्हटले, "चालते, बाबा."

– बी. ए. द्वितीय वर्ष