एक्सेलमधला अर्धा माणूस

सॉफ्टवेअर सर्व्हिसेसच्या धंद्यात अर्धा माणूस ही रोजची गोष्ट आहे. क्लायंटला पाठवायच्या एक्सेलमध्ये तो असतोच. ‘०.५ एफटीई’, म्हणजे निम्मा फुल-टाइम माणूस. टेस्टिंगला ०.५, डेटाबेसला ०.२५, आर्किटेक्ट तर कधीकधी ०.१. एकच इंजिनिअर दोन प्रोजेक्टांना अर्धा अर्धा वाटून दिलेला असतो, दोन्हीकडून त्याचं बिल लागतं, आणि यात कुणालाही काही विचित्र वाटत नाही. पण हाडामांसाचा एखादा माणूस एचआरसमोर बसून म्हणाला, की मला खरोखरच कमी तास काम करायचंय, पगारही त्या प्रमाणात कमी द्या, की सगळ्यांना एकदम आठवतं, माणूस अविभाज्य असतो!

असं म्हणणारा माणूस बहुतेक वेळा बाई असते आणि तिचं मूल नुकतंच पहिलीत गेलेलं असतं.

माझ्या टीममध्ये अशी एक होती. दहा वर्षांचा अनुभव, आणि आमच्या प्रॉडक्टमधलं प्रीमियमच्या हिशोबाचं मॉड्यूल तिच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. मूल तान्हं असताना तिनं सगळं निभावलं. सहा महिन्यांची रजा होती, मग पाळणाघर होतं, ते संध्याकाळी सातपर्यंत उघडं असायचं. अडचण आली ती शाळा सुरू झाल्यावर. लोकांना वाटतं की मूल शाळेत जायला लागलं की आई मोकळी झाली. प्रत्यक्षात उलटं होतं. शाळा दुपारी सुटते, व्हॅनवाले काका मुलाला गेटपाशी सोडतात, आणि तिथे कुणीतरी उभं असावं लागतं. शिवाय पालकसभा, गॅदरिंग, दिवाळीची सुट्टी, मे महिना. पाळणाघरवाल्या काकूंना तान्ही मुलं चालतात. दुपारी अडीचला दप्तर घेऊन येणारं, अभ्यास घ्यावा लागणारं मूल फारसं कुणाला नको असतं.

तिनं मागितलं ते अगदी साधं होतं. साडेनऊ ते अडीच, आठवड्याचे पाच दिवस. म्हणजे पंचवीस तास, आणि चाळीस तासांच्या हिशोबानं साडेबासष्ट टक्के पगार. मॅनेजर माणूस म्हणून चांगला होता, त्यानं वर विचारलं. उत्तर आलं, पार्ट-टाइमची पॉलिसी नाही, पण ‘फ्लेक्सी’ आहे. फ्लेक्सी म्हणजे काय, तर केव्हाही या, केव्हाही जा, नऊ तास भरा. दुपारी निघालात तर रात्री जेवणं आटोपल्यावर लॅपटॉप उघडा. हिला आम्ही लवचिकता म्हणतो. दोरी लांब केली, दावं तेच.

तिनं राजीनामा दिला. तिच्या जागी दोन जण आले आणि त्यांना ते मॉड्यूल हाताशी यायला चार महिने गेले. त्या चार महिन्यांत त्या हिशोबातल्या प्रत्येक चुकीसाठी फोन मला यायचे, म्हणून हे आकडे मला पाठ आहेत. दोन माणसांचे चार महिन्यांचे पगार कंपनीला परवडले. पंचवीस तास परवडले नाहीत.

का परवडले नाहीत, याचा मी बराच शोध घेतला, कारण मला ते खरंच समजत नव्हतं. एचआरचे दुष्ट लोक वगैरे उत्तर सोपं आहे, पण चुकीचं आहे. खरं उत्तर कंटाळवाणं आहे. मॅनेजरला वरून तास मिळत नाहीत, डोकी मिळतात. ‘यंदा तुला बारा हेडकाउंट.’ त्यातलं एक डोकं पंचवीस तासांचं निघालं, तर त्याचे पंधरा तास बुडाले, ते त्याला कुणी परत देत नाही. पगार वाचला तर तो कंपनीचा वाचतो, त्याचा नाही. वर लॅपटॉप, लायसन्स, मेडिक्लेमचा हप्ता हे सगळं डोक्यामागे लागतं, तासामागे नाही. म्हणजे क्लायंटला विकताना माणूस दशांशात आणि नोकरीवर ठेवताना पूर्णांकात. आमच्या भाषेत सांगायचं तर एका फील्डचा डेटा टाइप चुकलाय. असला बग आम्ही दुसऱ्याच्या सिस्टीममध्ये पाहिला तर हसतो.

मेडिक्लेमचा मुद्दा खरा आहे, तो मी नाकारत नाही. डोक्यामागचा खर्च पार्ट-टाइम माणसावर थोडा जड पडतो. पण अनुभवी माणूस गेल्यावर होणाऱ्या खर्चाशेजारी तो ठेवून पाहा. तो दुसरा खर्च कुठल्याच रकान्यात येत नाही, म्हणून तो नाहीच असं धरलं जातं.

‘या कामाचं स्वरूपच तसं नाही’ असंही सांगितलं जातं. हे ऐकलं की मला १९६२ साल आठवतं. त्या वर्षी इंग्लंडमध्ये स्टेफनी शर्ली नावाच्या बाईंनी ‘फ्रीलान्स प्रोग्रामर्स’ नावाची कंपनी काढली, भांडवल सहा पौंड. नाझींपासून वाचवून ज्या मुलांना १९३९ साली इंग्लंडला पाठवलं गेलं, त्यांतल्या त्या एक. लग्नानंतर, मुलं झाल्यावर घरी बसलेल्या प्रोग्रामर बायका त्यांनी हेरल्या आणि त्यांना घरून, मुलं सांभाळून जमेल तेवढे तास काम दिलं. त्यांच्या घरी कॉम्प्युटर नव्हते. त्या कागदावर पेन्सिलीनं कोड लिहायच्या. कामाची पत्रं बाईच्या नावानं गेली की उत्तर येत नसे, म्हणून शर्लीबाई ‘स्टीव्ह’ अशी सही करू लागल्या. फोन आला की मागे टाइपरायटरच्या टकटकीची टेप लावायच्या, म्हणजे बाळाचं रडणं ऐकू जायचं नाही. कंपनीतल्या पहिल्या तीनशे माणसांत २९७ बायका होत्या. काँकॉर्ड विमानाच्या ब्लॅक बॉक्सचं प्रोग्रामिंग या घरी बसून काम करणाऱ्या बायकांनी केलं. पुढे १९७५ साली स्त्री-पुरुष भेदभावाविरुद्ध कायदा आला, आणि गंमत म्हणजे त्यामुळे त्यांना पुरुषही नोकरीवर घ्यावे लागले.

तेव्हा पेन्सिल आणि पोस्टावर जे चाललं, ते आज गिट, व्हिडिओ कॉल आणि तिकिटांच्या सिस्टीमवर चालत नाही, असं म्हणणाऱ्या माणसाला मी काय म्हणणार?

उलट पुण्यातल्या आमच्यासारख्यांसाठी शाळेची वेळ ही कामाला सगळ्यात सोयीची आहे. आमचे बहुतेक क्लायंट अमेरिकेत. इकडे सकाळचे साडेनऊ वाजतात तेव्हा न्यूयॉर्कमध्ये आदली मध्यरात्र असते. ना कॉल, ना ‘क्विक सिंक’, ना कुणी चॅटवर टपकत. ज्याला खरं प्रोग्रामिंग म्हणतात ते आमच्याकडे याच वेळात होतं. दुपारनंतरचा वेळ बराचसा कुणी काय केलं हे एकमेकांना सांगण्यात जातो, आणि संध्याकाळी साडेसहानंतर तेच सगळं क्लायंटला सांगण्यात. म्हणजे साडेनऊ ते अडीच काम करणारी बाई आमच्या दिवसातला सगळ्यात कसदार तुकडा मागत होती आणि बाकीचा चोथा सोडायला तयार होती. तेही पगार कापून.

हे सगळ्या कामांना लागू आहे असं मी म्हणत नाही. रात्री प्रॉडक्शन कोसळलं तर कुणीतरी उठावंच लागतं. ऑन-कॉलच्या पाळीत पंचवीस तासांचा माणूस बसत नाही, किंवा त्याचा वेगळा मोबदला ठरवून बसवावा लागतो. पण आमच्या मजल्यावरच्या किती जणांच्या कामाला खरोखर रात्री उठावं लागतं? आणि ज्या मॉड्यूलला एकाच माणसाची रात्री-अपरात्री गरज पडते, त्यात दोष त्या माणसाच्या तासांचा आहे की त्या मॉड्यूलचा?

२०२३ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालेल्या क्लॉडिया गोल्डिन यांचं म्हणणं याच जागी लागू पडतं. त्या अशा नोकऱ्यांना ‘ग्रीडी वर्क’ म्हणतात, हावरट काम. जो कधीही, कितीही वेळ हजर राहील त्याला तासामागे जास्त मोल. मग जोडप्यातला एक जण अशी नोकरी धरतो, दुसरा घराच्या हाकेला हजर राहतो, आणि हा दुसरा कोण ते आपल्याला माहीत आहे. त्यांनी उलट उदाहरण दिलंय ते अमेरिकेतल्या फार्मासिस्टांचं. तिथे औषधांच्या दुकानांच्या मोठ्या साखळ्या झाल्या, प्रत्येक पेशंटची माहिती सिस्टीममध्ये आली, आणि एका फार्मासिस्टच्या जागी दुसरा सहज उभा राहू लागला. त्यामुळे कमी तास करणाऱ्याला तासाचा दर जवळपास तोच मिळतो. आता माहिती माणसाच्या डोक्यातून सिस्टीममध्ये आणणं हा तर आमचाच धंदा आहे. आम्ही ते जगभरच्या बँकांना आणि औषधदुकानांना करून देतो. स्वतःच्या टीममध्ये मात्र ‘तो रात्री दोनला पण फोन उचलतो’ यावर अप्रेझल ठरतं.

मग आठ मार्चला जांभळे फुगे, कपकेक आणि ‘करिअर ब्रेकनंतर परत या’ योजनेचं पोस्टर. ज्या बाईला पंचवीस तास देऊन ठेवता आलं असतं, तिला आधी घालवायचं, चार-पाच वर्षं तिच्या हातात गंज चढू द्यायचा, आणि मग खालच्या पदावर परत घेऊन फोटो काढायचा.

कायद्यातही पाहा. २०१७ च्या दुरुस्तीनं प्रसूतीची रजा २६ आठवडे झाली, पन्नास किंवा जास्त कर्मचारी असतील तर पाळणाघराची सोय बंधनकारक झाली. चांगलंच झालं. पण आपल्या कायद्याला आई दिसते ती मूल पाळण्यात असेपर्यंतच. शाळा बारा वर्षं चालते. ब्रिटनमध्ये लहान मुलांच्या पालकांना कामाची वेळ बदलून मागण्याचा हक्क २००३ साली मिळाला आणि २०१४ पासून तो सगळ्याच कर्मचाऱ्यांना आहे. नेदरलँड्समध्ये तास कमी करून मागण्याचा कायदा २००० सालचा, जर्मनीत २००१ चा. जर्मनीत २०१९ पासून, पंचेचाळीसपेक्षा जास्त कर्मचारी असलेल्या ठिकाणी, ठरावीक काळापुरते तास कमी करून पुन्हा पूर्णवेळ परतण्याचाही हक्क आहे. आपल्याकडे खाजगी नोकरीत असं काही नाही. आपल्याकडे चर्चा होते ती तास वाढवण्याची. ऑक्टोबर २०२३ मध्ये नारायण मूर्ती सत्तर म्हणाले, जानेवारी २०२५ मध्ये सुब्रह्मण्यन यांचं नव्वद ऐकू आलं. या माणसांच्या नातवंडांना शाळेच्या व्हॅनमधून कोण उतरवून घेतं, हा प्रश्न कुठल्याच मुलाखतीत आला नाही.

आपल्या शासनानं फेब्रुवारी २०२४ मध्ये चौथीपर्यंतच्या शाळा सकाळी नऊच्या आधी भरवू नका असं सांगितलं. मुलांची झोप पुरी व्हावी म्हणून. निर्णय योग्य होता. पण त्यावर सोसायटीच्या ग्रुपवर जो गदारोळ झाला तो पाहण्यासारखा होता: नऊला शाळा, तर आम्ही ऑफिसला कधी निघायचं? शाळेनं हलावं, व्हॅननं हलावं, आजीनं गावाहून यावं. ऑफिसनं हलावं असं एकालाही सुचलं नाही.

आता नेदरलँड्सची दुसरी बाजू, कारण ती टाळून चालणार नाही. तिथे नोकरी करणाऱ्या बायकांपैकी बहुसंख्य पार्ट-टाइम आहेत, पुरुष बहुसंख्येनं पूर्णवेळ. म्हणजे हक्क सगळ्यांना, वापरणार बायका, आणि मोठी पदं पूर्णवेळवाल्यांना. आपल्याकडे तर हे दुप्पट होईल. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात घरकामाचा दिवसाचा वेळ बायकांचा २८९ मिनिटं आणि पुरुषांचा ८८ मिनिटं आहे. लक्षात घ्या, ही सरासरी घरकाम करणाऱ्यांचीच आहे. जे पुरुष आपली कपबशीही विसळत नाहीत ते त्या ८८ मध्ये धरलेलेच नाहीत. अशा देशात ‘मातांसाठी सोयीचे तास’ अशी पॉलिसी आली की काय होईल ते उघड आहे. सासूबाई म्हणतील, बघ, कंपनीच देतेय. आणि मॅनेजर लग्न झालेल्या मुलीला टीममध्ये घेताना आणखी एकदा विचार करेल.

म्हणून माझा आग्रह आहे की या पॉलिसीच्या नावात ‘माता’ हा शब्द असता कामा नये. पालक असावा. खरं तर तेही नको. ज्याला आईवडिलांचं आजारपण पाहायचंय, ज्याला एम.ए. करायचंय, त्यालाही तास कमी करून मागता आले पाहिजेत, पगार त्याच प्रमाणात, बढतीची रांग तीच, आणि परत पूर्णवेळ होण्याची तारीख आधी लिहून ठेवलेली. ‘मुलं नसलेल्यांवर कामाचा बोजा पडेल’ हे कारण मला माझ्याच नावानं दिलं जातं, म्हणून सांगतो: बोजा पडला तो ती गेल्यावर. ती पंचवीस तास असती तर पडला नसता.

यात माझा स्वार्थ आहे. जूनमध्ये आमच्याकडे बाळ येणार आहे. बायकोही याच क्षेत्रात आहे, माझ्याहून दोन वर्षांनी पुढे, पगारही जास्त. तरी दोन्ही घरांत ठरून गेलंय की ती ब्रेक घेईल. कुणी बैठक घेऊन ठरवलं नाही, हवेतच ठरलं. आई म्हणाली, “तुझं तर चालूच राहील ना रे?” या प्रश्नात काही चूक आहे असं तिला वाटत नाही, कारण तिचं स्वतःचं असंच झालं. शिक्षिकेची नोकरी तिनं घेतली ती शाळा आवडते म्हणून नाही, वेळ जुळते म्हणून. तिच्या पिढीत शाळेच्या वेळेची नोकरी हवी तर शाळेतच जावं लागायचं.

मूल शाळेत जाईल तेव्हाची पाच वर्षं आम्ही आळीपाळीनं करायचं ठरवलंय, आधी दोन वर्षं मी पंचवीस तास, मग ती. गेल्या आठवड्यात एचआरच्या पोर्टलवर पाहिलं, तिथे नोकरीचा प्रकार बदलून मागायचा फॉर्म आहे. ड्रॉपडाउनमध्ये तीन पर्याय आहेत: फुल-टाइम, कॉन्ट्रॅक्ट, इंटर्न. मी ‘शेरा’च्या चौकटीत ‘०.६२५’ लिहून फॉर्म पाठवलाय. सिस्टीमनं तो स्वीकारला आणि तिकीट नंबर दिला. अजून उत्तर आलेलं नाही.