बांबू गवत की झाड? गडचिरोलीतल्या गावांसाठी हा प्रश्न इतका महत्त्वाचा का होता?

वनस्पतिशास्त्र सांगतं, बांबू हे गवत आहे. १९२७चा भारतीय वन कायदा मात्र बांबूला झाडांत मोजत होता. शाळेच्या प्रश्नमंजूषेत शोभेल असा हा फरक. पण त्यावर हजारो आदिवासी कुटुंबांची कमाई अडून बसली होती. ते कसं?

झाड म्हटलं की लाकूड आलं, आणि लाकूड आलं की वनखातं. तोड आणि वाहतूक दोन्हीला त्यांची परवानगी लागणार. गडचिरोलीतला बांबू अनेक वर्षं कागद कारखान्याकडे जात राहिला. जंगलाशेजारी राहणाऱ्यांच्या वाट्याला आली ती तोडणीची मजुरी.

२००६ मध्ये संसदेने वनहक्क कायदा केला. या कायद्याची चर्चा होते ती बहुतेक वेळा वैयक्तिक पट्ट्यांची, म्हणजे कसत असलेल्या जास्तीत जास्त चार हेक्टर वनजमिनीची. हा पट्टा विकता येत नाही आणि लग्न झालेलं असेल तर तो नवरा-बायको दोघांच्या नावे होतो. पण कायद्यातली खरी मोठी तरतूद सामूहिक हक्काची आहे. गावाच्या पारंपरिक हद्दीतल्या जंगलातल्या गौण वनोपजावर मालकी गावाची, असं कायदा म्हणतो. आणि गौण वनोपजाच्या यादीत बांबूचं नाव स्पष्ट लिहिलेलं आहे.

धानोरा तालुक्यातलं मेंढा (लेखा) हे जेमतेम शंभरेक घरांचं गोंड गाव. 'दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही घोषणा इथलीच. मतदान घेऊन बहुमताने निर्णय करायचा नाही, सगळ्यांचं एकमत होईपर्यंत बोलत राहायचं, ही इथल्या ग्रामसभेची पद्धत. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांची नावं या कामाशी जोडलेली आहेत. २००९ मध्ये या गावाला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. तो देशातल्या अगदी पहिल्या हक्कांपैकी एक.

पण कागद हातात आला तरी बांबू विकता येईना. वाहतूक परवाना, म्हणजे टीपी, वनखात्याकडेच होता. टीपी नसलेला ट्रक नाक्यावर अडतो, माल जप्त होतो. मग कुठला व्यापारी असा बांबू घेईल? मालक गाव, आणि फाटकाची किल्ली दुसऱ्याच्या खिशात, असा हा प्रकार.

हा तिढा सुटायला दोन वर्षं लागली. २७ एप्रिल २०११ रोजी तत्कालीन केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण मेंढ्यात आले आणि टीपीचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिलं. २०१२ मध्ये नियमच बदलले आणि परवाना देण्याचा अधिकार ग्रामसभेच्या समितीकडे आला. (२०१७ मध्ये वन कायद्यातल्या झाडांच्या व्याख्येतूनही बांबू निघाला. पण ती सूट जंगलाबाहेरच्या बांबूला. तिचा फायदा शेतात बांबू लावणाऱ्यांना.)

आता गडचिरोलीत अनेक ग्रामसभा बांबूबरोबर तेंदूपत्त्याचाही लिलाव स्वतः करतात. त्यासाठी बँक खातं, पॅन कार्ड, जाहिरात, करारनामा, मजुरीचा हिशेब, सगळं गावालाच सांभाळावं लागतं. पिढ्यानपिढ्या ज्यांना फक्त मजूर म्हणून मोजलं, त्यांनी थेट ठेकेदारासमोर बसून दर ठरवायचा, हा बदल लहान नाही.

अडचणी आहेतच. तेंदूचा हंगाम उन्हाळ्यातले काही आठवडेच चालतो. पानं वेळेत तोडली, वाळवली, उचलली गेली नाहीत तर वर्षाची कमाई बुडते. ठेकेदाराला हे पक्कं ठाऊक असतं. हाताशी गोदाम नाही, खेळतं भांडवल नाही, अशा गावाला मिळेल तो दर घ्यावा लागतो. करार करून ठेकेदाराने पैसे थकवले तर ते वसूल करणार कोण? वनखात्याचा ठेका होता तेव्हा हा प्रश्न गावापुढे नव्हता. आज ग्रामसभेच्या बैठकीत तो सगळ्यात आधी निघतो.